तिथी ठरलेले अतिथी : पश्चिम जर्मनीतील कामाच्या परवान्याचा इतिहास

'अतिथी' या शब्दाची आपल्या परंपरेत एक आवडती फोड आहे. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी. व्युत्पत्तीच्या अभ्यासकांचा दुसरा पक्ष हा शब्द 'अत्' म्हणजे सतत हिंडणे या धातूशी जोडतो. तेव्हा अतिथी म्हणजे वाटसरू. कोणतीही फोड स्वीकारली तरी एक संकेत कायम राहतो. दारात आलेल्या अतिथीला 'जाणार कधी?' असे यजमानाने विचारायचे नसते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिम जर्मनीने परदेशांतून बोलावलेल्या कामगारांना जे नाव दिले, त्यातही पाहुणचाराचाच शब्द होता. 'गास्टआर्बायटर', म्हणजे पाहुणा कामगार. मात्र या पाहुण्याच्या हाती जो पहिला कागद पडे, त्यावर त्याच्या जाण्याची तिथी आधीच छापलेली असे. नाव आतिथ्याचे आणि कागद मुदतीचा, या विसंगतीचा इतिहास प्रस्तुत लेखात मांडायचा आहे.

परवान्यांचा इतिहास साहित्याच्या अध्यापकाने का लिहावा, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे निमित्त घरगुती आहे. बारावीला माझ्या मराठीच्या वर्गात बसलेली आणि पुढे परिचारिका झालेली एक मुलगी काही महिन्यांपूर्वी जर्मनीतील एका रुग्णालयाचे कागद घेऊन घरी आली. जर्मन तिला माझ्यापेक्षा अधिक येत होते. तिला अर्थ विचारायचा नव्हता. त्या कागदांत एक मुखत्यारपत्र होते आणि त्यावर सही केली की परवान्याच्या कामातील पुढचा अर्ज तिच्या वतीने रुग्णालय करणार होते. "सर, जाणार मी, काम करणार मी, मग अर्ज त्यांनी का करायचा?" असे तिने विचारले. वाक्यातील कर्ता कोण, हा व्याकरणाच्या तासाला आपण नेहमी विचारतो तो प्रश्न. त्याचे उत्तर मला तत्काळ देता आले नाही. पुढचा मजकूर हे त्या उत्तराचे उशिरा केलेले टाचण आहे.

कार्डाचा पूर्वज

या परवान्याचा जन्म कारखान्यात झालेला नाही. तो शेतावर झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एल्बे नदीच्या पूर्वेकडील प्रशियन जमीनदारांची मोठी अडचण झाली होती. शेतमजूर पश्चिमेकडील खाणी आणि कारखान्यांकडे निघून जात होते आणि रशिया व ऑस्ट्रियाच्या ताब्यातील पोलिश प्रदेशांतून स्वस्त मजूर मिळत होते. जमीनदारांना हात हवे होते. शासनाला पोलिश वस्ती नको होती. १८९० च्या सुमारास यातून तडजोड निघाली. पोलिश मजुरांनी हंगामात यावे आणि हिवाळ्यात सक्तीने परत जावे. तरुण मॅक्स वेबर यांनी १८९२ मध्ये ज्या शेतमजुरांचा प्रसिद्ध अभ्यास केला, ते याच प्रदेशातले.

१९०८ पासून प्रशियात या मजुरांना एक कार्ड बंधनकारक झाले. 'लेगिटिमात्सिऑन्सकार्टे' असे त्याचे भारदस्त नाव. कार्डावर मजुराच्या नावाबरोबर मालकाचे नाव असे. राष्ट्रीयतेनुसार कार्डाचा रंग ठरे. पोलिश मजुराचे कार्ड लाल असे. मालकाने मोकळे केल्याशिवाय दुसरीकडे काम धरणे म्हणजे हद्दपारीला आमंत्रण होते. पुढील शंभर वर्षांच्या व्यवस्थेची तिन्ही सूत्रे या कार्डात दिसतात. परवाना माणसाला नसून जागेला असतो. तो मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. आणि त्याला मुदत असते.

१९३३ च्या जानेवारीत, हिटलर सत्तेवर येण्याच्या आठवडाभर आधी, परदेशी कामगारांविषयीचा एक अध्यादेश निघाला. त्याने दुहेरी परवाना रूढ केला : मालकाला परदेशी माणूस ठेवण्याची परवानगी आणि कामगाराला काम करण्याची परवानगी. १९३८ मध्ये परदेशी नागरिकांविषयीचा पोलिसी अध्यादेश आला. त्यानंतरचा इतिहास परवान्यांचा राहत नाही, तो गुलामीचा होतो. १९४४ च्या उन्हाळ्यात जर्मन साम्राज्यात सुमारे ७६ लाख परदेशी माणसे, युद्धकैद्यांसह, राबवली जात होती. त्यांना 'फ्रेम्डआर्बायटर', म्हणजे परके कामगार, म्हणत. युद्धानंतर हा शब्द तोंडातून काढणे जड झाले आणि त्याची जागा हळूहळू 'पाहुणा कामगार' या शब्दाने घेतली.

शब्द बदलला, पण कायदा लगेच बदलला नाही. १९३३ चा अध्यादेश पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी पश्चिम जर्मनीत पुन्हा लागू झाला आणि १९३८ चा पोलिसी अध्यादेश १९६५ पर्यंत वापरात राहिला. नवा सौम्य शब्द जुन्या कठोर कागदावर चिकटवलेला होता, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढच्या अनेक गोष्टींचा उलगडा होतो.

अर्जदार कोण?

२० डिसेंबर १९५५ रोजी रोममध्ये पश्चिम जर्मनी आणि इटली यांच्यात कामगारभरतीचा करार झाला. पुढाकार इटलीचा होता. बेकारी आणि परकीय चलनाची टंचाई या दोन्हींवर तिला तो उपाय वाटत होता. त्यानंतर १९६० मध्ये स्पेन आणि ग्रीस, १९६१ मध्ये तुर्कस्तान, १९६३ मध्ये मोरोक्को, १९६४ मध्ये पोर्तुगाल, १९६५ मध्ये ट्युनिशिया आणि १९६८ मध्ये युगोस्लाव्हिया यांच्याशी करार झाले. ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली आणि पूर्वेकडून येणारा जर्मन कामगारांचा ओघ थांबला. त्यानंतर या करारांची निकड वाढली.

परवाना मिळवण्याची वाट मालकाच्या दारातून सुरू होई. कारखानदार आपल्या गावच्या रोजगार कार्यालयात मागणी नोंदवी : अमुक कामासाठी अमुक इतकी माणसे. कार्यालय प्रथम पाहणार, या जागी जर्मन माणूस मिळतो का. स्थानिकांना अग्रक्रम हे या व्यवस्थेचे पहिले कलम होते. मग राहण्याच्या जागेची व्यवस्था आहे का, हे तपासले जाई. ती देणे मालकावर बंधनकारक होते आणि बहुधा ती जागा म्हणजे कारखान्याच्या आवारातील बराकी असत. वेतन जर्मन कामगाराइतकेच द्यावे, असा संघटनांचा आग्रह होता आणि तो करारांत मान्य झाला होता. स्वस्त परदेशी मजूर आणून आपली मजुरी पाडली जाईल, ही भीती त्यामागे होती. तरी त्याचा लाभ येणाऱ्यालाही झाला, हे नमूद केले पाहिजे.

मागणी मंजूर झाली की ती न्यूर्नबर्गच्या केंद्रीय रोजगार संस्थेमार्फत त्या त्या देशातील जर्मन भरती कार्यालयाकडे जाई. इटलीत हे कार्यालय व्हेरोनाला होते, तुर्कस्तानात इस्तंबूलला. मागणी दोन प्रकारची असे, नावानिशी आणि बिननावी. बिननावी मागणीत 'वीस जण, ओतशाळेसाठी' एवढेच असे. नावानिशी मागणीत आधीच कामावर असलेल्याचा भाऊ, मेहुणा, गावकरी यांचे नाव येई. मालकालाही ओळखीचा माणूस बरा वाटे आणि अशा रीतीने एकेका कारखान्याभोवती एकेक गाव गोळा होई.

इस्तंबूलच्या कार्यालयातील वैद्यकीय तपासणीची छायाचित्रे झाँ मोर यांनी काढली आणि ती जॉन बर्जर यांच्या 'अ सेव्हन्थ मॅन' (१९७५) या पुस्तकात आली. उघड्या अंगाने रांगेत उभी असलेली माणसे, छातीवर शाईने लिहिलेला क्रमांक. डोळे, दात, फुप्फुसे, लघवी तपासली जाई. उत्तीर्ण झालेल्याला दोन भाषांतील करार आणि कार्ड मिळे. या कार्डाचे नाव पुन्हा तेच होते : लेगिटिमात्सिऑन्सकार्टे. बहुधा एक वर्षाची मुदत, त्या अवधीत कामाच्या परवान्याच्या जागी तेच चाले आणि त्यावर मालकाचे नाव असे. खर्चापोटी मालक शासनाकडे दरमाणशी ठरावीक रक्कम भरे. पुढे तुर्कस्तानातून सिर्केजी स्थानकावरून सुटणारी गाडी दोन-तीन दिवसांनी म्युनिकच्या अकरा क्रमांकाच्या फलाटावर पोचे. फलाटाखाली युद्धकाळातील एक बंकर होता. तिथे या माणसांची विभागणी होऊन ती पुढच्या गाड्यांत बसवली जात.

त्या मुलीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर इथे मिळते. या सगळ्या व्यवहारात अर्ज करणारा मालक, मंजूर करणारे शासन. कामगार हे या वाक्यातील कर्म आहे. प्रयोगही बहुधा कर्मणी : मागवला गेला, तपासला गेला, पाठवला गेला.

१० सप्टेंबर १९६४ रोजी कोलोन-डॉइत्झ स्थानकावर हे कर्म क्षणभर कर्त्यासारखे उभे केले गेले. दहा लाखाव्या पाहुण्या कामगाराचे स्वागत करायचे, असे मालकांच्या संघटनेने ठरवले होते. यादीवर डोळे मिटून बोट ठेवावे तसे एक नाव निवडले गेले : आर्मांदो रॉद्रिगेस द सा, पोर्तुगालमधील एक सुतार. ध्वनिक्षेपकावर आपले नाव ऐकून तो घाबरला. आपल्या कागदांत काही खोट निघाली आणि आता परत पाठवणार, असे त्याला वाटले. त्याच्या हाती फुलांचा गुच्छ आणि एक मोपेड देण्यात आली. त्याचे ते गोंधळलेले, ओढलेले छायाचित्र जर्मन शाळांच्या पाठ्यपुस्तकांत पोचले आणि मोपेड आज बॉनच्या इतिहास संग्रहालयात आहे. त्याचा पुढचा इतिहास त्या मानाने कमी सांगितला जातो. आजारी होऊन तो पोर्तुगालला परतला, साठवलेला पैसा उपचारांत संपला आणि १९७९ मध्ये तो वारला. जर्मन आरोग्यविम्यातून मदत मिळण्याचा हक्क आपल्याला आहे, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. नाव पुकारले की मुदत संपली असावी, एवढेच त्याला कागदांनी शिकवले होते.

मुदत आणि मुदतवाढ

तुर्कस्तानशी १९६१ मध्ये झालेल्या करारात दोन वर्षांची कमाल मुदत होती. दोन वर्षांनी जुन्यांनी जावे आणि नव्यांनी यावे, म्हणजे कुणी रुजणार नाही, असा हिशेब होता. हा हिशेब माणुसकीच्या विचाराने मोडला नाही. तो मालकांनी मोडला. माणसाला यंत्र शिकवायला वेळ आणि पैसा लागतो, तो चांगला तयार झाला की त्याला घालवायचे आणि नव्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवायचे, हे कुणाला परवडणार? १९६४ मध्ये करारात दुरुस्ती झाली आणि दोन वर्षांची अट गेली.

अट गेली तरी मुदत गेली नाही. परवाना वर्षावर्षाने वाढवून घ्यावा लागे आणि त्यासाठी दोन खिडक्या होत्या. रोजगार कार्यालय कामाचा परवाना देई, परदेशी नागरिकांचे कार्यालय राहण्याचा. काम नसेल तर राहण्याचा परवाना धोक्यात आणि राहण्याचा परवाना नसेल तर कामाचा मिळणार नाही. १९६५ च्या कायद्याने पोलिसी अध्यादेशाची जागा घेतली, पण त्याचे मुख्य कलमही मोठे मोघम होते. परदेशी व्यक्तीच्या असण्याने देशाच्या हितसंबंधांना बाध येत नसेल तर परवाना देता येईल, असा त्याचा आशय. बाध येतो की नाही, हे टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याने ठरवायचे. १९६६-६७ च्या मंदीत या तरतुदींचा खरा उपयोग दिसला. त्या काळात परदेशी कामगारांची संख्या तीन लाखांहून अधिक घटली आणि त्यासाठी मोठी हकालपट्टी करावी लागली नाही. मुदती संपत गेल्या, एवढेच.

एकीकडे मात्र कायद्यातच उलटी हालचाल सुरू झाली होती. १९६८ पासून युरोपीय आर्थिक समुदायातील कामगारांना परवान्याची गरज उरली नाही. ज्यांच्यापासून हा इतिहास सुरू झाला ते इटालियन यातून सुटले. १९७१ च्या नियमांनी सलग पाच वर्षे काम केलेल्या इतर परदेशीयांना एक विशेष परवाना देऊ केला, जो विशिष्ट मालकाशी बांधलेला नव्हता. १९०८ पासून कार्डावर असलेले मालकाचे नाव प्रथमच पुसले जात होते. पाच वर्षांच्या सलग मुदतवाढींतून एक हक्क निर्माण होऊ शकतो, ही कल्पना इथे कायद्यात शिरली.

दार लावले, पाहुणे आत

१९७३ हे या इतिहासातील वळणाचे वर्ष. त्या वेळी जर्मनीत सुमारे २६ लाख परदेशी कामगार होते आणि तुर्कस्तानातील प्रतीक्षायादीत दहा लाखांहून अधिक नावे होती. ऑगस्टच्या अखेरीस कोलोनच्या फोर्ड कारखान्यात तुर्की कामगारांनी संघटनेच्या संमतीविना संप केला. सुटीवरून उशिरा परतल्याबद्दल सुमारे ३०० जणांना काढून टाकले, हे तात्कालिक कारण. गाडीने आनातोलियाला जाऊन परत यायचे तर चार आठवड्यांतील मोठा भाग वाटेतच जाई. संप आठवडाभरात मोडला गेला. पण येण्या-जाण्याच्या तिथीवरून झालेला तो संप होता, हे मला लक्षणीय वाटते.

त्याच सप्टेंबरात मालकाने भरायची रक्कम दरमाणशी ३०० मार्कांवरून १,००० मार्क झाली. २३ नोव्हेंबर १९७३ रोजी, तेलसंकटाचे निमित्त पुढे करून, भरती थांबवण्याचा आदेश निघाला. १९५५ पासून तोवर सुमारे १ कोटी ४० लाख माणसे जर्मनीत आली होती आणि त्यांतील सुमारे १ कोटी १० लाख परत गेली होती. म्हणजे पाहुणा कामगार बहुतांशी खरोखरच परत जात होता. दार उघडे असल्यामुळे तो जाऊ शकत होता. गावी जमले नाही तर पुन्हा येता येईल, हा भरवसा होता. भरती थांबल्यावर तो संपला. आता गेले की गेले. तेव्हा उरलेल्यांनी जायचे टाळले आणि बायकामुलांना बोलावून घेतले. परदेशी कामगार कमी करण्यासाठी काढलेल्या आदेशातून परदेशी कुटुंबे वाढली.

शासनाने पुन्हा तिथीचाच आधार घेतला. १९७४ च्या अखेरची एक तारीख ठरवून तिच्यानंतर आलेल्या पत्नी व मुलांना कामाचा परवाना द्यायचा नाही, असे ठरले. पुढे ती तारीख पुढे सरकवावी लागली आणि मग प्रतीक्षेचा काळ ठरवला गेला. १९८३ मध्ये परत जाणाऱ्याला १०,५०० मार्क आणि प्रत्येक मुलामागे आणखी रक्कम देण्याचा कायदा झाला. पाहुण्याला निरोपाचा विडा देण्याची ही सरकारी पद्धत. आणि या सर्व काळात अधिकृत सूत्र एकच होते : आपला देश स्थलांतरितांचा देश नाही.

कागदाबाहेरची भाषा

साहित्याच्या अभ्यासकाला इथे थांबणे भाग आहे. कायदा ज्या काळात 'हे लोक तात्पुरते आहेत' असे म्हणत होता, त्याच काळात साहित्य वेगळे काही नोंदवत होते. मॅक्स फ्रिश यांनी १९६५ मध्ये स्वित्झर्लंडमधील इटालियन कामगारांच्या मुलाखतींच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली आणि श्रमशक्ती व माणूस यांतील फरकावर बोट ठेवले; त्यांचे ते वाक्य नंतर इतके घासले गेले की आज ते प्रत्येक भाषणात ऐकू येते. पण फ्रिश हे यजमानांपैकी होते. पाहुण्यांचा स्वतःचा आवाज थोडा पुढे आला.

आरास ओरेन यांचे बर्लिनच्या नाउन्यूनश्ट्रासे या गल्लीवरील दीर्घकाव्य भरतीबंदीच्याच वर्षी, १९७३ मध्ये, जर्मन अनुवादात प्रसिद्ध झाले. शीर्षकातच प्रश्न आहे, की नियाझीला या गल्लीत काय हवे आहे. परवान्याच्या अर्जात हा प्रश्न कुठेही नव्हता. तिथे मालकाला काय हवे, एवढाच रकाना होता. फासबिंडर यांच्या १९७४ च्या 'आंग्स्ट एसेन झेले आउफ' या चित्रपटात मोरोक्कोचा एक कामगार आणि वयस्क जर्मन सफाईकामगार स्त्री यांची गोष्ट आहे. त्याचे शीर्षक जर्मन व्याकरणात मुद्दाम चुकलेले आहे. क्रियापद चालवलेलेच नाही. वर्षाच्या मुदतीवर आलेल्या माणसाला भाषा शिकवण्याची तसदी कुणी घेतली नव्हती आणि त्यातून जी तुटकी बोली घडली, ती इथे शीर्षस्थानी आली.

१९८० च्या सुमारास फ्रांको बियोंडी, रफिक शामी प्रभृतींनी आपल्या लेखनाला 'गास्टआर्बायटर-साहित्य' हे नाव उपरोधाने स्वतःच घेतले. आपल्याकडे तुच्छतेने दिलेले नाव साहित्यिकांनी उलटवून मिरवल्याची उदाहरणे वाचकांना आठवतील. १९८५ मध्ये जर्मन मातृभाषा नसलेल्या जर्मन लेखकांसाठी शामिसो पुरस्कार सुरू झाला आणि पहिला पुरस्कार ओरेन यांना मिळाला. ज्याच्या नावाने तो होता तो शामिसो फ्रान्समधून आलेला. आपली सावली विकून टाकणाऱ्या माणसाची त्याची कथा १८१४ ची.

एमिने सेव्गी ओझदामार १९६५ मध्ये, वयाच्या विशीच्या आत, पश्चिम बर्लिनच्या कारखान्यात कामाला आल्या. भरती झालेल्यांत स्त्रियाही मोठ्या संख्येने होत्या, ही गोष्ट 'पाहुणा कामगार' या पुल्लिंगी शब्दाने दीर्घकाळ झाकून ठेवली. 'सुवर्णशृंगावरील पूल' अशा अर्थाच्या त्यांच्या १९९८ च्या कादंबरीत रेडिओच्या निर्वात नळ्या जुळवणारी मुलगी वर्तमानपत्रांचे मथळे अर्थ न कळता पाठ करते. परवान्याने दिलेली मुदत आणि भाषेने दिलेला वास्तव्याचा हक्क यांत दुसरा टिकला. २०२२ मध्ये जर्मन साहित्यातील सर्वोच्च मानला जाणारा गेओर्ग ब्यूख्नर पुरस्कार ओझदामार यांना मिळाला.

निनावी भारतीय

साहित्याने जे १९७३ मध्ये नोंदवले, ते कायद्याच्या भाषेत यायला आणखी पाच वर्षे लागली. आणि ज्याच्या निमित्ताने ते आले तो माणूस तुर्की, ग्रीक वा इटालियन नव्हता. तो भारतीय होता.

१९६१ मध्ये तो जर्मनीत आला. त्याचा राहण्याचा परवाना वेळोवेळी, विनातक्रार, वाढवून मिळत गेला. १९७३ मध्ये मात्र पुढची मुदतवाढ नाकारण्यात आली. तो न्यायालयांत गेला आणि प्रकरण संघराज्याच्या घटना न्यायालयापर्यंत पोचले. २६ सप्टेंबर १९७८ च्या निर्णयात न्यायालयाने मुदतवाढीचा नकार घटनाबाह्य ठरवला. युक्तिवादाचा गाभा साधा होता. शासनाने पुन्हा पुन्हा परवाना वाढवून दिला, त्यामुळे 'आपण इथे राहू शकतो' असा विश्वास त्या माणसाच्या मनात निर्माण झाला. आणि शासनानेच निर्माण केलेल्या विश्वासाला घटनेचे संरक्षण आहे. देश स्थलांतरितांचा नाही, हे सरकारी सूत्र या विश्वासापुढे पुरेसे ठरले नाही.

साहित्याच्या दृष्टीने या निर्णयाचे महत्त्व मला असे वाटते की न्यायालयाने त्या शिक्क्यांचे वाचन उलटे केले. अधिकाऱ्याच्या लेखी प्रत्येक शिक्का म्हणजे 'अजून एकच वर्ष'. तात्पुरतेपणाची ती पुनरुक्ती होती. न्यायालयाने ते सारे शिक्के एकत्र, एका संहितेसारखे वाचले आणि त्यांच्या पुनरुक्तीतून कायमपणाचा अर्थ निघतो, असे म्हटले. एकेक ओळ एक सांगते आणि सबंध रचना दुसरेच सांगते, हा अनुभव काव्याच्या वाचकाला नवा नाही. त्याच वर्षी आलेल्या प्रशासकीय नियमांनी पाच वर्षांनंतर बेमुदत परवान्याची वाट मोकळी केली.

जर्मन निकालपत्रांत पक्षकारांची नावे छापत नाहीत. त्यामुळे जर्मनीतील लक्षावधी परदेशीयांच्या वास्तव्याला आधार देणारा हा माणूस अभ्यासकांच्या ग्रंथांत केवळ 'भारतीय प्रकरण' म्हणून उरला आहे. स्थानकावर ज्याचे नाव पुकारले गेले तो सुतार एका बाजूला आणि ज्याचे नाव कधीच उच्चारले गेले नाही तो हा भारतीय दुसऱ्या बाजूला. पहिल्याला मोपेड मिळाली. दुसऱ्याने इतरांना हक्क मिळवून दिला. संग्रहालयात मोपेड आहे.

या विजयाला मर्यादा होती, हेही सांगितले पाहिजे. १९६० च्या दशकापासून केरळमधील अनेक तरुणी ख्रिस्ती संस्थांमार्फत जर्मन रुग्णालयांत परिचारिका म्हणून गेल्या होत्या. सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात काही प्रांतांत त्यांच्या परवान्यांची मुदतवाढ नाकारली गेली आणि त्यांतील अनेकींना परतावे लागले. हक्क कागदावर आला म्हणजे तो प्रत्येक खिडकीत पोचतो असे नाही.

नव्या तिथी

पुढील इतिहास आपल्या वाचकांना अधिक परिचित असल्याने तो थोडक्यात सांगतो. १ ऑगस्ट २००० पासून जर्मनीने संगणकतज्ज्ञांसाठी 'ग्रीन कार्ड' योजना सुरू केली. नाव अमेरिकेकडून घेतलेले. पण अमेरिकेचे कार्ड कायम वास्तव्याचे आणि जर्मनीचे कमाल पाच वर्षांचे. नाव उदार आणि कागद मुदतीचा, ही १९५५ ची जोडी पुन्हा जमली. त्याच वर्षी एका प्रांतिक निवडणुकीत 'भारतीयांऐवजी मुले' अशा अर्थाची यमक जुळवलेली घोषणा गाजली आणि ती देणाऱ्यांचा पक्ष हरला. २००५ च्या कायद्याने राहण्याचा आणि कामाचा असे दोन परवाने एकत्र केले. दोन खिडक्यांची एक झाली. २०२० मध्ये कुशल कामगारांसाठी नवा कायदा आला. २०२२ मध्ये भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतरविषयक करार झाला, २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांसाठी व्हिसांची वार्षिक संख्या २०,००० वरून ९०,००० करण्याचे जर्मनीने जाहीर केले आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेमबर्ग या प्रांताशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. मराठी तालुक्यांत जर्मनचे वर्ग निघाले ते यातून. 'मनुष्यबळ पुरवणे' हा आपल्या शासनाचा शब्दप्रयोग आहे. त्यातील कर्माकडे वाचकांनी लक्ष द्यावे.

त्या मुलीच्या मुखत्यारपत्राचा उलगडाही इथे होतो. २०२० च्या कायद्याने मालकाला, कामगाराच्या वतीने, जलद पद्धतीने परवान्याची प्रक्रिया चालवण्याची मुभा दिली. हे सोयीचे आहे. महिन्यांचे काम आठवड्यांत होते. फरकही महत्त्वाचा आहे. १९०८ च्या मजुराची सही कुणी मागितली नव्हती. हिची सही हवी आहे. मुखत्यारपत्र म्हणजे कर्त्याने आपले कर्तेपण थोड्या काळासाठी दुसऱ्याच्या हाती देणे. ते दिले आहे, हे देणाऱ्याने विसरू नये.

आणखी एक घटना नोंदवून थांबतो. जून २०२४ पासून लागू झालेल्या जर्मन नागरिकत्व कायद्यात पाहुण्या कामगारांच्या पिढीसाठी वेगळी तरतूद आहे. ३० जून १९७४ पर्यंत आलेल्यांना नागरिकत्वासाठी लेखी चाचणी द्यावी लागत नाही. रोजच्या व्यवहारापुरते जर्मन बोलता येणे पुरे. ज्यांना भाषा शिकवली नाही, त्यांच्याकडून ती लेखी मागू नये, एवढी जाण पन्नास वर्षांनी कायद्यात आली. त्यांतील कित्येक जण तोवर राहिले नव्हते. पण या तरतुदीतही एक तिथी आहे आणि ती जाण्याची नाही, येण्याची आहे. अतिथीचा हिशेब कुठून मांडायचा असतो, हे त्या कायद्याला अखेर उमगले.

त्या मुलीला मी दोन गोष्टी सांगितल्या. सही करण्यापूर्वी मुखत्यारपत्राची मुदत पाहा आणि प्रत्येक कागदाची एक प्रत स्वतःजवळ ठेव. तिने प्रती आधीच काढून ठेवल्या होत्या.